जुलैतला गप्प मज्जारज्जू

रत्नागिरीबाहेर, खाडीच्या अंगाला असलेल्या एका महाविद्यालयाची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. कोंबडीच्या पाच दिवसांच्या गर्भातला मज्जारज्जू सोडवून घेतलेला, फ्लुओ-४ या, कॅल्शियम धरले की उजळणाऱ्या डायमध्ये (रंगद्रव्यात) भिजवलेला आणि निळ्या उजेडाखाली ठेवलेला. काही मिनिटांच्या अंतराने प्रेरक, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या, चेतापेशींचा पट्टा आपसूक उजळावा, विझावा, पुन्हा उजळावा अशी अपेक्षा. मार्चमध्ये तो उजळला होता. जुलैत ओळीने सात मज्जारज्जू गप्प राहिले. पडद्यावर ताकासारखा पांढुरका उजेड, आलेखावर सपाट रेघ.

"मॅडम, पेशी मेल्यात बहुतेक," असे एम.एस्सी.च्या मुलांनी ठरवून टाकले. प्रश्न उलटा टाकायला हवा होता. पेशी मेल्यात हे कशावरून कळले? ज्या डायकडून त्या जिवंत आहेत का हे कळायचे, ती डाय तरी धड आहे का? या प्रकरणात गप्प राहण्याची कारणे एकावर एक रचलेली निघाली. वरचे काढले की खालचे दिसायचे, आणि प्रत्येक खेपेस आलेख तसाच सपाट. प्रयोगशाळेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. किनाऱ्यावर पावसाळ्यात हे काम काढणाऱ्या कुणालाही यातली निम्मी कारणे भेटतीलच.

काय दिसायला हवे होते

चेतापेशीच्या आत मोकळे कॅल्शियम असते सुमारे १०० नॅनोमोलर, बाहेर असते एक ते तीन मिलिमोलर. म्हणजे दहा हजारपटींहून अधिक फरक. पेशीच्या पटलातले दार किंचित किलकिले झाले तरी आत लोंढा येतो, आणि आतले साठेही त्याला प्रतिसाद देऊन आपले कॅल्शियम ओततात. वाढत्या पेशीसाठी हा लोंढा हुकूम असतो: कोणते रसायन बनवायचे, तंतू किती लांबवायचा, पोटॅशियमची दारे कधी वेगवान करायची.

हे सगळ्यात बारकाईने कळले ते झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या गर्भावरून. १९७६ मध्ये स्पिट्झर आणि लॅम्बोर्गिनी यांनी दाखवले की मज्जारज्जूच्या कोवळ्या पेशीची विद्युत् उसळी आधी कॅल्शियमवर चालते आणि रेंगाळते. पेशी वाढते तशी ती सोडियमवर जाते आणि आखूड होते. १९९५ मध्ये गू आणि स्पिट्झर यांनी दोन प्रकारचे लोंढे वेगळे काढले. 'स्पाइक' साधारण दहा सेकंदांचा, अख्खी पेशी उजळवणारा, तासाला मोजकेच वेळा येणारा. 'वेव्ह' त्याहून संथ. स्पाइक किती वेळा येतात यावर पेशीत गाबा हे निरोप्या रसायन दिसू लागणे आणि पोटॅशियमची दारे पक्व होणे अवलंबून. तंतूची लांबी वेव्हच्या हाती. २००४ मध्ये बोरोडिन्स्की आणि सहकाऱ्यांनी पुढचे टोक गाठले. स्पाइक वाढवले की आवर घालणारी रसायने बनवणाऱ्या पेशी वाढतात, स्पाइक दाबले की उत्तेजित करणारी.

कोंबडीचा खाक्या वेगळा. तिथे एकेक पेशी आपल्या तंद्रीत स्पाइक देत बसत नाही. अख्खे जाळे एकदम पेटते, काही काळ धगधगते, मग बराच वेळ निपचित पडते. याला नोंदवहीत 'एपिसोड' म्हणतात. चौथ्या-पाचव्या दिवशी हे जाळे मुख्यतः अ‍ॅसिटिलकोलिन आणि गाबा या निरोप्या रसायनांवर चालते. या ठेक्याचा अर्थ हॅन्सन आणि लँडमेसर यांनी २००४ मध्ये दाखवला. अंड्यात पिक्रोटॉक्सिन हे गाबाला अडवणारे औषध देऊन ठेका मंदावला, तर प्रेरक तंतू पायाच्या कळीत, म्हणजे पाय होणाऱ्या कोंबात, शिरताना वरच्या आणि खालच्या स्नायूंच्या वाटा चुकतात. ठेका पूर्ण बंद करायची गरज नाही, नुसता संथ झाला तरी पुरते.

मुलांच्या वहीत प्रोटोकॉल होता बेडकाचा आणि टेबलावर मज्जारज्जू होता कोंबडीचा. हा घोळ पुढे महागात पडला.

अंडी

याबद्दल थोडक्यात. दुकानातल्या ट्रेमधली अंडी फलित नसतात, म्हणून गावठी अंडी आणायची हे बरोबरच. पण कोकणात अंडे टोपलीत नुसते पडून असले तरी ते स्वस्थ बसत नाही. गर्भाची वाढ थांबलेली राहायला अंडे साधारण वीस अंशांखाली हवे. अठ्ठावीस-तीस अंशांच्या पडवीत चार दिवस राहिलेल्या अंड्यात वाढ अर्धवट, वेडीवाकडी सुरू झालेली असते. त्यात अंडी देणाऱ्या काकींनी भाबडेपणाने सांगितलेच होते, "बाय, कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखालचीच चार दिलीत हां." म्हणजे ती चार उबवणीच्या मशीनमध्ये जायच्या आधीच उबलेली.

परिणाम असा की 'पाचवा दिवस' लिहिलेल्या अंड्यांतून निरनिराळ्या वयाचे गर्भ निघाले. दिवस मोजणे सोडून हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांच्या १९५१ च्या तक्त्यातले टप्पे लावले, तेव्हा गोंधळ कमी झाला. २५ व्या टप्प्यात कोपर आणि गुडघ्याचा बाक स्पष्ट दिसतो, २६ व्यात पायाच्या पहिल्या तीन बोटांच्या कडा उमटू लागतात. या दोहोंखेरीजचे गर्भ बाजूला ठेवायचे. अंडी १५ ते १८ अंशांवर, फार तर आठवडाभर. बाहेर काढल्यावर कवचाला घाम फुटतो, तो ओला असताना मशीनमध्ये टाकायची नाहीत. ओलाव्याबरोबर जंतू छिद्रांतून आत जातात. मशीन ३७.५ ते ३८ अंशांवर ठेवायचे, आणि लाईट गेली की किती वेळ गेली ते लिहायचे. दोन तास थंड पडलेले अंडे मरत नाही, मागे पडते.

पाणी कुठे मुरत होते

मराठीत संशय आला की 'पाणी कुठेतरी मुरतंय' म्हणतात. इथे ते अक्षरशः मुरत होते, डाय विरघळवायच्या डीएमएसओ या द्रवाच्या बाटलीत.

फ्लुओ-४ पेशीत जाते ते एएम एस्टर या रूपात. एस्टरच्या टोप्या घातल्यामुळे रेणूवरचे ऋणभार झाकले जातात, म्हणून तो पटलातून आत सरकतो. आतली विकरे टोप्या काढतात आणि डाय आत अडकते. टोप्या असेपर्यंत ती कॅल्शियम धरू शकत नाही आणि जवळजवळ उजळतच नाही. टोप्या बाहेरच, पाण्यानेच निघाल्या तर दोन्ही बाजूंनी नुकसान. डाय पेशीत शिरत नाही, आणि बाहेरच्या तीन मिलिमोलर कॅल्शियमला चिकटून पूर्ण ताकदीने उजळते. फ्लुओ-४ अर्धी भरते ती सुमारे ३४५ नॅनोमोलरला. तीन मिलिमोलर म्हणजे तिच्यासाठी समुद्रच. पडद्यावरचा ताकासारखा उजेड हाच होता.

डीएमएसओ हवेतले पाणी ओढून घेते. बाटली मार्चमध्ये फोडलेली, दर आठवड्याला उघडलेली, जूनपासून भर पावसाळ्यातल्या हवेत. दुसरे छिद्र फ्रीजरमध्ये होते. उणे २० अंशांवरची कुपी बाहेर काढून लगेच झाकण उघडले की आत दव धरते. जुलैच्या रत्नागिरीत ते डोळ्यांनी दिसते. कुपी बोटांत धरली की काचेवर धुके, आणि पाव मिनिटात तळाशी थेंब. त्या थेंबात ५० मायक्रोग्रॅम डाय विरघळवायची म्हणजे टोप्या स्वतःच काढून देण्यासारखे.

याची तपासणी दहा मिनिटांची आहे आणि तिला गर्भ लागत नाही. स्लाइडवर डाय मिसळलेल्या द्रावणाचे २० मायक्रोलिटर ठेवा आणि पेशींसाठी असतो त्याच उजेडात, त्याच एक्स्पोजरला बघा. डाय चांगली असेल तर थेंब काळाच दिसला पाहिजे. इथे तो हिरवा झळकला. मग १०० मिलिमोलर ईजीटीएचे २ मायक्रोलिटर टाकले, ईजीटीएने कॅल्शियम काढून घेतले आणि उजेड पडला. म्हणजे थेंबात टोप्या निघालेली, कॅल्शियम धरून बसलेली मोकळी डाय होती. एक खुबी लक्षात ठेवावी. ईजीटीए कॅल्शियम पकडताना आम्ल सोडते, आणि आम्लातही फ्लुओ-४ मंदावते. म्हणून ईजीटीएच्या साठ्यात आम्ल शोषणारे थोडे ट्रिस बेस घालून पीएच सांभाळावा. नाहीतर उजेड कॅल्शियम गेल्याने उतरला की आम्लाने, ते कळणार नाही.

बाहेरच्या उजेडाने आकडेही खाल्ले जातात. समजा पेशीचा उजेड २०० वरून ३०० झाला, तर वाढ ५० टक्के. त्यावर बाहेरचे १,००० बसले की तीच घटना १,२०० वरून १,३०० दिसते, जेमतेम ८ टक्के. पार्श्वभूमी वजा न करता ही टक्केवारी काढली की जिवंत पेशीही मेलेली ठरते. आणि वजा केली तरी त्या हजाराबरोबर आलेला गोंगाट जात नाही.

मुलांनी मधल्या काळात आपला उपाय केला होता: पेशी अंधुक, म्हणून डाय १० वरून २५ मायक्रोमोलर. हा मोह सगळ्यांना होतो. पण फ्लुओ-४ कॅल्शियम घट्ट धरते. पेशीत ती भरमसाट गेली की स्वतःच कॅल्शियम गिळत बसते, उसळी बुटकी आणि लांबट होते, आणि कॅल्शियमवर चालणारी पुढची कामे अडतात. मोजपट्टीच जड झाली तर मोजायचे ते वाकते.

नव्याने लावलेली पद्धत अशी. डायची कुपी फ्रीजरमधून काढून, झाकण न उघडता, सिलिका जेलच्या डब्यात अर्धा ते पाऊण तास. सिलिका जेल आधी तव्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजून रंग परत आलेला. डीएमएसओ बाटलीतले नाही, निर्जल, एकदाच फोडायच्या लहान कुपीतले. ५० मायक्रोग्रॅम डायमध्ये २२.८ मायक्रोलिटर डीएमएसओ घातले की २ मिलिमोलर होते, कारण एस्टरचा रेणूभार सुमारे १,०९७. त्यातले ५ मायक्रोलिटर, सोबत डीएमएसओमधल्या २० टक्के प्लुरॉनिक एफ-१२७ या साबणासारख्या पदार्थाचे २.५ मायक्रोलिटर. दोन्ही टोकाने फिरवून एक करायचे, मगच १ मिलिलिटर द्रावणात ढवळत सोडायचे. डाय १० मायक्रोमोलर, प्लुरॉनिक ०.०५ टक्के, डीएमएसओ पाऊण टक्का. प्लुरॉनिक आधी मिसळले नाही तर डाय पाण्यात गाठी धरते आणि मज्जारज्जूवर हिरवे ठिपके पडतात, ज्यांना कुणीतरी हमखास 'सक्रिय पेशी' म्हणतो.

भिजवणे ४५ ते ६० मिनिटे, खोलीच्या तापमानाला, अंधारात. ३७ अंशांवर लवकर होते खरे, पण डाय पेशीतल्या कप्प्यांत शिरून बसते आणि केंद्रकाभोवती दाणे दिसतात. नंतर अर्धा तास स्वच्छ द्रावणाचा प्रवाह, म्हणजे आतल्या टोप्या निघून होतात. उरलेला साठा ५-५ मायक्रोलिटरच्या नळ्यांत, पॅराफिल्म, फॉइल, सिलिकाच्या पुडीसकट पिशवी, उणे २०. नळी एकदा वितळली की उरलेले टाकून द्यायचे. जीव तुटतो, पण टाकायचे.

जाता जाता भिंगांचे. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या ऑब्जेक्टिव्हच्या आत बुरशीचे जाळे धरते आणि उजेड विखुरतो. आठव्या मज्जारज्जूआधी भिंग उलटे धरून टॉर्चच्या उजेडात पाहिले तेव्हा २० पटींच्या भिंगात काठावर कोळिष्टक होते. ते साफ करायला पाठवले, दुसरे लावले. कपाटात पंधरा वॅटचा दिवा कायम जळता ठेवणे हा जुना उपाय अजून चालतो.

पेशी जाग्या, तरी गप्प

नव्या डायने पडदा काळा झाला आणि पेशी हिरव्या. एपिसोड मात्र नाहीच.

इथे केसीएलची कसोटी कामी आली. खरे तर ती पहिल्या दिवसापासून प्रत्येक तुकड्यावर शेवटी व्हायला हवी होती. २ मिलिलिटरच्या कप्प्यात २ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे ५० मायक्रोलिटर टाकले की पोटॅशियम साधारण ५० मिलिमोलरने वाढते. पटलाचा विद्युत्दाब कोसळतो, कॅल्शियमची दारे उघडतात, आणि निरोगी चेतापेशी काही सेकंदांत उजळते. बाहेरचे क्षार वाढल्याने पाणी सुटून ऊती आक्रसते आणि पुढे मिनिटभर उजेड हळू सरकतो. तो मोजायचा नाही. पहिल्या सातांवर ही कसोटी केली असती तर चेतापेशी उजळल्या नसत्या, आणि दोष डायचा किंवा पेशींचा, एवढे तरी त्याच दिवशी कळले असते. नव्या तुकड्यावर पट्टा लख्ख उजळला. म्हणजे डाय बरी, दारे बरी, पेशी जिवंत. त्या आपणहून पेटत नव्हत्या एवढेच.

मार्च आणि जुलैच्या वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा एक ओळ जास्त दिसली: 'डी-ट्युबोक्युरारिन, १० मायक्रोमोलर, हालचाल थांबवण्यासाठी.'

हालचालीची अडचण खरी होती. कोंबडीच्या गर्भाची मान आणि धड साडेतीन दिवसांपासून लवू लागते. मार्चमध्ये मज्जारज्जूच्या दोन्ही कडांची स्नायूंची पट्टी, म्हणजे मायोटोम, खरवडून काढली होती. जुलैत नव्या हाताने ती राहू दिली, तुकडा सुईवर थरथरला, आणि कुणीतरी स्नायू थांबवणारे औषध घातले. हे औषध म्हणजे क्युरारे; ते स्नायूंवरची अ‍ॅसिटिलकोलिनची निकोटिनिक ग्राहके अडवते हे पाठ्यपुस्तकात आहेच. पण या वयात मज्जारज्जूच्या आतले जाळेही अ‍ॅसिटिलकोलिनवर चालते, आणि तिथली ग्राहकेही त्याच जातीची. ज्याचा आवाज ऐकायचा त्याच्याच तोंडावर हात ठेवला गेला.

वय वाढले की गणित पुन्हा बदलते. दहा-अकरा दिवसांच्या गर्भात चब आणि ओ'डोनोव्हन यांनी १९९८ मध्ये दाखवले की ग्लुटामेट आणि अ‍ॅसिटिलकोलिनची ग्राहके अडवली तर एपिसोड थांबतात, पण थोड्या काळाने जाळे उरलेल्या रसायनांवर स्वतःला सावरून पुन्हा पेटते. त्यामुळे 'औषध घातले आणि वीस मिनिटे काही झाले नाही' आणि 'औषध घातले आणि कधीच काही झाले नाही' ही दोन वेगळी निरीक्षणे आहेत, वेळेसकट लिहायची. क्युरारेच्या आणखी एका करामतीचा उल्लेख इथे हवाच. १९७८ मध्ये पिटमन आणि ओपेनहाइम यांनी दाखवले की अंड्यातल्या गर्भाला अशा औषधांनी लुळे केले तर एरवी मरणाऱ्या प्रेरक चेतापेशी वाचतात. नुसता स्नायू थांबवणारा पदार्थ म्हणून गर्भावर क्युरारे वापरता येत नाही, एवढे यावरून कळायला हरकत नाही.

ब्लेबिस्टॅटिनचा पर्यायही निघाला होता. तो स्नायू थांबवतो, पण निळ्या उजेडात बिघडतो आणि पेशींना विषारी होतो. फ्लुओ-४ बघायला निळाच उजेड लागतो. बाद.

उरला जुना मार्ग, हाताचा. १५ अंशांच्या गार द्रावणात गर्भाचे डोके वेगळे करायचे, आतडी-काळीज काढायचे, सिलिकॉन रबराच्या बशीत पोटाची बाजू वर करून बारीक सुया. नोटोकॉर्ड, म्हणजे मज्जारज्जूला लागून असलेली दांडी, टोकापासून उचलून सोलायची. सलग निघाली तर खालचा मज्जारज्जू ओरखड्याविना राहतो. मग दोन्ही कडांचा मायोटोम. पायाच्या कळ्यांच्या पातळीवरचा भाग ठेवायचा, वरचे आवरण चिमट्याने ओढून काढायचे, कारण डाय त्यातून नीट जात नाही. सगळे वीस मिनिटांत, आणि डाय घालण्याआधी तासभर विश्रांती. उरलीसुरली थरथर ओळखायची खूण सोपी. खऱ्या उसळीत पट्टा आहे तिथेच उजळतो. हलण्याने एक कड उजळते तेव्हा समोरची काळवंडते.

पाच सेकंदांची चाळण

क्युरारे गेले, मायोटोम गेला, आणि डोळ्यांना पडद्यावर पट्टा उजळताना दिसला. आलेखात मात्र काहीच नाही. मुलांनी कॅमेऱ्यालाच दोष दिला.

बेडकाच्या पेशीचा स्पाइक दहा सेकंदांचा, म्हणून तिथे दर पाच सेकंदांना एक चित्र चालते. कोंबडीच्या या वयातल्या छोट्या एपिसोडची झपकी अशा दोन चित्रांच्या मधून निसटते, किंवा एका चित्रात सापडते. आणि त्यावर सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदूंचा मीडियन फिल्टर, म्हणजे तिन्हींतला मधला आकडा ठेवणारा, लावलेला. तीन बिंदूंत एकच उंच असेल तर मीडियन त्याला पुसून टाकतो. तो त्याचसाठी असतो. एपिसोड नोंदला गेला होता आणि नंतर साफसफाईत गेला होता.

सेकंदाला चार चित्रे, एक्स्पोजर ५० ते १०० मिलिसेकंद, पिक्सेल दोन-बाय-दोन जोडून, एलईडी शक्य तितका मंद. नोंद सलग अर्धा तास, कारण दोन एपिसोडमधली विश्रांती लांबते आणि पाच मिनिटांची नोंद नेमकी त्या विश्रांतीत पडू शकते. फिल्टर लावायचा असेल तर कच्च्या नोंदीची प्रत ठेवून. अर्ध्या तासात डाय थोडी फिकी पडतेच, म्हणून पायाभूत उजेड एकदाच न ठरवता सरकत्या खिडकीतून, खालच्या दहा-वीस टक्क्यांवरून घ्यावा.

आणखी एक मर्यादा सांगून ठेवायला हवी. साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली वरच्या थरांचा उजेड एकमेकांत मिसळतो आणि एएम डाय सगळ्याच पेशींत जाते, अजून विभागत असलेल्या पूर्वज पेशींतही. म्हणून 'प्रेरक पट्टा उजळला' असे म्हणता येते. 'ही चेतापेशी उजळली' म्हणायला एकाच थराचा उजेड घेणारा कॉन्फोकल मायक्रोस्कोप किंवा तंतूंतून उलटी भरलेली डाय हवी. आठ-दहा गोल काढून त्यांना 'पेशी क्रमांक १, २, ३' म्हणणे हा खोटेपणाच, भले हेतू चांगला असो.

द्रावण आणि घाट

एपिसोड आले, पण अनियमित. कधी तासाभरात विझून जायचे, आणि ऊतीवर पांढरी भुकटी बसल्यासारखी दिसायची.

ऊती जिवंत ठेवायचे मूळ टायरोड द्रावण बायकार्बोनेटचे: सोडियम क्लोराइड १३९, पोटॅशियम क्लोराइड ३, ग्लुकोज १२, सोडियम बायकार्बोनेट १७, कॅल्शियम क्लोराइड ३, मॅग्नेशियम क्लोराइड १ मिलिमोलर. याचा पीएच टिकतो तो ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडल्यावर. सिलिंडर येणार कोल्हापूरहून, आणि आंबा घाटात दरड आली की तो येतो तेव्हा येतो. गॅस संपल्यावर मुलांनी मत्स्यपेटीचा हवेचा पंप लावला. साध्या हवेत द्रावणातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसते. भुकटी तीच.

गॅस नसेल तेव्हासाठी लिटरला: सोडियम क्लोराइड ८.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२२, ग्लुकोज २.१६, पीएच धरून ठेवणारे हेपीस २.३८, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४, आणि नुसता ऑक्सिजन. हे बायकार्बोनेटच्या द्रावणाशी तंतोतंत सारखे नाही, कारण गाबाच्या दारांतून थोडे बायकार्बोनेटही जाते-येते. म्हणून एकाच मालिकेत दोन्ही द्रावणे मिसळायची नाहीत.

त्या यादीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुद्दाम नाहीत. दोन्ही क्लोराइडे दमट हवेत पाणी ओढतात. कोकणात जुलैमध्ये उघडलेल्या बरणीतले कॅल्शियम क्लोराइड चमच्यालाच चिकटते. तराजूवर ०.४४ ग्रॅम दिसते त्यातला काही भाग पाऊस असतो, आणि तीन मिलिमोलर समजून आपण कमी घालतो. ज्या प्रयोगाचा विषयच कॅल्शियम, त्यात कॅल्शियमच हुकते. कोरड्या दिवसांत, नव्या बाटलीतून दोन्हींचे १ मोलर साठे करून ठेवावेत आणि लिटरला ३ मिलिलिटर व १ मिलिलिटर असे पिपेटने घालावे.

बायक्युक्युलिनचा उलटा निकाल

सगळे सुरळीत झाल्यावर ठरलेला प्रयोग झाला: गाबाची ग्राहके बायक्युक्युलिनने अडवणे. गाबा आवर घालतो, आवर काढला की जाळे भडकेल, अशी मुलांची खात्री. झाले उलटेच, एपिसोड विरळ झाले. "परत डाय गेली वाटतं," असे लगेच कुणीतरी म्हणाले, आणि गेल्या तीन आठवड्यांचा अनुभव बघता त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. पण शेवटच्या केसीएलला पट्टा नेहमीसारखा उजळला. डाय जागेवर होती.

प्रौढ चेतापेशीत क्लोराइड कमी असते, म्हणून गाबाचे दार उघडले की क्लोराइड आत येते आणि पेशी शांत होते. गर्भातल्या पेशीत एनकेसीसी-१ हा वाहक क्लोराइड आत ओढून साठवतो. तिथे गाबाचे दार उघडले की क्लोराइड बाहेर पडते, पटलाचा दाब चढतो, कॅल्शियमची दारे उघडतात. या वयात गाबा पेटवणाऱ्यांपैकी आहे, त्याला अडवले तर जाळे मंदावणारच. एपिसोडनंतरच्या लांब विश्रांतीचा धागाही इथे लागतो: धगधगताना पेशी क्लोराइड गमावतात, गाबाचा जोर ओसरतो, आणि वाहक ते पुन्हा भरेपर्यंत जाळे पेटत नाही. त्यामुळे औषध घालण्याची वेळही नोंदीचा भाग आहे. एपिसोड संपल्यावर लगेच घातले तर जी शांतता येते, त्यातली औषधाची किती आणि विश्रांतीची किती हे सांगता येत नाही. आधी तीन-चार विश्रांत्या मोजायच्या, मग औषध, मग धुऊन पुन्हा तितक्याच.

आता त्या टेबलाशी टांगलेल्या वहीत दर मज्जारज्जूला एक ओळ असते: गर्भाचा टप्पा, अंडी कुठली, डायची नळी कोणत्या तारखेची, डायच्या थेंबाची ईजीटीए कसोटी काळी की हिरवी, द्रावण गॅसचे की हेपीसचे, खोलीचे तापमान, पहिल्या एपिसोडची वेळ, शेवटच्या केसीएलला उजळला की नाही. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद 'गप्प' म्हणून मोजत नाहीत. तिच्यावर पेन्सिलने काट मारतात.